वडीगोद्रीचं केकताड

मस्तगड, जालना
२ फेब्रुवारी २०२५

सुमेधाताई,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे. ते मुद्दाम गाळलंय, विसरले न्हाई.

फोनवर तुम्ही ओरडता, मंग मी ओरडते, आणि आबा खाटेवर बसून दोघींचं ऐकत राहतात. परवा त्यांनी रेडिओ मोठा केला. म्हणून हा कागद. पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बारा वर्षं काढली मी. कागदावर लिहिलेलं नंतर कोणाला फिरवता येत न्हाई, एवढं तिथं शिकले.

तर मुद्द्याचं. आईंच्या तिसऱ्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आल्त्या. कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी माझ्या माहेराहून फोन आला, आईचा बीपी वाढल्ता, म्हणून मी दोन दिवस तीर्थपुरीला गेल्ते. परत येऊन बघते तर मागचं आंगण ओळखू येईना. इतक्या वर्षांची केकताडं, पुण्याकडं घायपात म्हणता ती, उचलून मागच्या भिंतीला लायनीत उभी केलेली. निवडुंग न्हाणीच्या पत्र्याखाली. आणि पायवाटेच्या दोन्ही कडेला पांढरे गोटे आणि चिनी मातीच्या वाट्यांमधी बोटभर बोटभर रोपं, निळी न् जांभळी. कोणाला विचारलं? तुमच्या भावाला विचारलं म्हणाल तर ते रोलिंग मिलमधून डबल ड्यूटी करून आल्ते. त्या टायमाला कोणी घर विकायचं विचारलं असतं तरी ते 'हां' म्हणाले असते.

आज रविवार. सकाळपासून मी आणि शेजारच्या अंगदभाऊंनी सगळ्या कुंड्या होत्या तिथं ओढून ठेवल्या. माझी कंबर गेली ती गेली. पण वडीगोद्रीचं केकताड तुम्ही गाडीच्या डिकीत घालून पुण्याला नेलं. सगळ्यात मोठं तेच. ते परत पाठवा, जल्दी पाठवा. ट्रॅव्हल्सवाल्याकडं टाका, मी स्टँडवरून उतरवून घेईन. हौस होती तर पिल्लं मागायची होती, त्याच्या बुडाशी चार फुटलीत, चारी दिली असती. पण ते मोठं मला पाहिजे. कारण विचारू नका.

सत्यशीला


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

सत्यशीला,

जय भीम. तुझं 'सप्रेम' तुझ्याकडेच ठेव, माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

'कारण विचारू नका' ही भाषा तू ऑफिसातल्या शिपायाला वापर. मी त्या घरात जन्मलेय. जालना-अंबड-वडीगोद्री-तीर्थपुरी, एकतीस वर्षं आबांनी त्या रूटवर एस.टी. चालवली आणि गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही. विनाअपघाताचा बिल्ला आहे त्यांच्याकडे. एकेका थांब्यावरून एकेक झाड त्यांनी ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून घरी आणलं. वडीगोद्रीच्या ढाब्यामागून ते केकताड आणलं तेव्हा मी नववीत होते. आईनं काट्याचं झाड दारात नको म्हणून तीन दिवस अबोला धरला होता. तू तेव्हा कुठे होतीस?

आणि 'कोणाला विचारलं' म्हणतेस, तर ऐक. आबांनीच सांगितलं. तू पिशवी घेऊन तीर्थपुरीला निघून गेलीस, त्यानंतर आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो. आबांचं तोंड अंगणाकडे होतं. मग म्हणाले, "सुमे, बरं दिसत न्हाई गं." एवढंच म्हणाले. ज्यानं हौसेनं एकेक झाड आणलं त्या माणसाला स्वतःचं अंगण बरं दिसत नाही, आणि हे बोलायला त्याला पुण्याहून लेक यावी लागते! दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तातेराव हमालाला बोलावलं.

आणि काय गं, केकताडाच्या प्रत्येक पानाच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून चढवलेली? प्रत्येक काट्याला! वेड लागलंय का तुला? पिशवीभर निघाल्या, सगळ्या कचऱ्यात टाकल्या. काट्यांची एवढी भीती होती तर झाडं वाटेतून बाजूला करायची. जे मी केलं.

चार दिवसांत मी काय काय पाहिलं ते बोलले नाही, कारण घरात कार्य होतं. आबांच्या शर्टाची बटणं वरखाली लावलेली. चहा प्यायच्या आधी ते ग्लासात बोट बुडवतात, लहान मुलासारखं, आणि तू बघूनही काही म्हणत नाहीस. घरात पेपर येत नाही. ज्या माणसानं जन्मभर पेपर वाचल्याशिवाय गाडीला हात लावला नाही त्याचा पेपर तू बंद केलास. आणि थंडीच्या दिवसांत ते घरात, अंगणात काळी छत्री हातात घेऊन फिरतात. म्हातारपणी माणूस भ्रमिष्ट व्हायला लागला की घरच्यांनी लक्ष द्यायचं असतं.

१६ मार्चला, रविवारी मी येतेय. गाडी सांगून ठेवलीय. आबांना पुण्याला घेऊन जाणार. सातवा मजला आहे, पण लिफ्ट आहे. खोलीला लागून बाथरूम आहे. कुठे जायला-यायला नको, सगळं हातात मिळेल.

आणि केकताड मिळणार नाही. बापाचं एक झाड लेकीनं नेलं तर आभाळ कोसळत नाही.

सुमेधा


जालना
१७ फेब्रुवारी २०२५

ताई,

जय भीम. तुमचं पत्र ऑफिसात फोडलं ही माझी चूक. माझं तोंड बघून साहेबांनी विचारलं, मॅडम, कोणी वारलं का. मी म्हटलं, अजून न्हाई.

पेपर मी बंद केला न्हाई. आबांनीच केला. पेपर टाकणाऱ्याला त्यांनी स्वतः सांगितलं, नको टाकू म्हणून. छत्री ही त्यांची मर्जी. बटणं ते स्वतः लावतात, कोणाला लावू देत न्हाईत. चहात बोट का घालतात ते त्यांना विचारा. तुम्ही लेक आहात ना, जन्मल्या त्या घरात. चार दिवस बसून विचारलं का? तुम्हाला चार दिवसांत आंगण दिसलं, कुंड्या दिसल्या, माझी चुकी दिसली. बाकी काही दिसलं न्हाई.

रबरी नळ्या एकशे बारा होत्या. मी मोजून चढवल्त्या, ऑफिसातून आल्यावर रोज दहा-बारा, बोटं सोलून घेऊन. तुम्ही एका सकाळी उपटल्या. बाकीच्या झाडांना परत चढवून झाल्या.

तुम्ही सुखसोयींबद्दल लिहिलं. कुठं जायला-यायला नको, सगळं हातात. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि मला राग आला न्हाई, भीती वाटली. आबांना आंगणातून नळावर जायचं असतं. रोज, आपल्या पायानं. सकाळी तोंड धुवायला, दुपारी पाय धुवायला, संध्याकाळी उगाच. तेवढं त्यांचं उरलंय. तेवढ्यासाठी ते केकताड पाहिजे. ते नेल्यापासून मी त्यांचा हात धरून नेऊन राह्यले आणि त्यांना ते बिलकुल आवडत न्हाई. परवा हात झटकला माझा.

आता विचाराल की केकताडाचा आणि नळाचा काय संबंध. सांगता येत न्हाई. एका माणसाला शब्द दिलाय. तुम्ही मला काय वाट्टेल ते म्हणा, येडी म्हणा, पण झाड पाठवा. हात जोडले असते, पण तुमच्यासमोर जोडायची इच्छा न्हाई.

सत्यशीला


पुणे
२५ फेब्रुवारी २०२५

सत्यशीला,

जय भीम.

कुणाला शब्द दिलास? वकिलाला? आता कळायला लागलंय मला. आबांना अंगणाशी आणि नळाशी बांधून ठेवायचं, म्हणजे म्हातारा घर सोडणार नाही आणि घर तुमचं राहील. अगं, त्यासाठी एवढी नाटकं कशाला? आई गेली त्याच महिन्यात मी भावाच्या, राजानंदच्या नावानं हक्कसोडपत्रावर सही केली. तहसीलच्या व्हरांड्यात उभं राहून केली, पेन सुद्धा तुझंच होतं. तेव्हा मी म्हटलं का, माझा वाटा द्या? तुमच्याकडे अख्खं घर, आबा तुमच्याकडे, आईचा फोटो तुमच्याकडे. माझ्याकडे एक कुंडी आली, तर तुझ्या पोटात दुखायला लागलं.

केकताड मजेत आहे. इथला नर्सरीवाला त्याला 'अगेव्ह' म्हणतो. बघून म्हणाला, मॅडम, असलं जुनं झाड आजकाल मिळत नाही. त्याच्या सांगण्यावरून खालची सगळी पानं छाटून टाकली. बुंधा कसा अननसासारखा दिसतो आता. बाल्कनीत पाहुणे आले की आधी त्याच्याकडे बघतात. मी सांगते, माझ्या वडिलांनी आणलंय. हे सांगायचा हक्क मला नाही का?

रविवारी आबांशी फोनवर बोलले. म्हटलं, आबा, येता ना पुण्याला? "बघू," म्हणाले आणि एकदम हसायला लागले. किती तरी वेळ हसले. मला ते हसणं काही बरं वाटलं नाही. माझा बाप असा हसत नव्हता कधी. तू काय करून ठेवलंस त्याचं ते मी येऊन बघते.

१६ तारीख नक्की. त्यांचे कपडे धुऊन, घडी करून ठेव. तेवढं तरी जमेल.

सुमेधा


जालना
६ मार्च २०२५

ताई,

आबा पडले. मंगळवारी सकाळी. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, भुवईवर चार टाके पडले. जीवाला धोका न्हाई. तुमच्या भावानं फोनवर 'घसरले' म्हणून सांगितलं. घसरले न्हाई. आता मी शब्द मोडून राह्यले, तो कोणाला दिल्ता तेही वाचा.

आबांना दिसत न्हाई. दोन वर्षं झाली. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याला खिडकी कुठं आहे एवढं कळतं, डाव्याला तेही न्हाई. इथं दाखवलं, संभाजीनगरला दाखवलं, दोन्हीकडं एकच उत्तर, गेलेली नजर परत येत न्हाई. संभाजीनगरहून परत येताना एस.टी.त ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्ते. बदनापूर आलं. मंग म्हणाले, "सत्यशीला, सुमीला सांगायचं न्हाई. ती मला घेऊन जाईल आणि खुर्चीत बसवून ठेवील, जीव लावील आणि बसवून ठेवील. मला माझ्या पायानं नळावर जायचंय." मी हो म्हटलं. हा तो शब्द. वकील कोणी न्हाई त्यात.

मंग आम्ही दोघांनी कुंड्या लावल्या. मी ओढायचे, ते सांगायचे. मागची पायरी म्हणजे जालना, तिथं कोरफड. सहा पावलांवर अंबड, तिथं तीनधारी निवडुंग. तिथून नऊ पावलांवर वडीगोद्री, तुमचं केकताड. वडीगोद्री आली की डावीकडं वळायचं, तीर्थपुरीच्या रोडला, जसं ते एकतीस वर्षं वळले. पुढं पाच पावलांवर तीर्थपुरी, पानफुटीची कुंडी, आणि तिला लागून नळ. त्यांच्या हातात छत्री यासाठी असते. काठी घेतली तर लोक आंधळा म्हणतील, छत्रीला कोणी काही म्हणत न्हाई. छत्रीनं कुंडी वाजवायची आणि थांबा ओळखायचा. वडीगोद्रीची खालची पानं जाड आणि जमिनीपर्यंत लोंबलेली, त्यावर छत्री पडली की थप्प असा आवाज येतो, दुसऱ्या कशाचा येत न्हाई. हात लागला तर टोचू नये म्हणून त्या नळ्या. 'चला, अंबड सुटलं,' असं म्हणत जायचे. कधी कधी तोंडानं हॉर्न पण वाजवायचे. मी हसले तर खूश व्हायचे.

तुम्ही नेल्यावर मी त्या जागी दुसरं छोटं केकताड ठेवलं आणि त्यांना सांगितलं, थोडे दिवस मला हाक मारा. मंगळवारी मी डबा भरून राह्यले होते. त्यांनी हाक मारली न्हाई. एकटेच निघाले. छत्री छोट्या कुंडीला लागली, आवाज बारीक आला. त्यांना वाटलं कोणी वाटेत बादली ठेवली. तिला वळसा घालून सरळ गेले, वडीगोद्री शोधत. पुढं धुणं धुवायचा दगड आहे, तुम्हाला माहीत आहे.

काल दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी तुमची पत्रं परत वाचली. अजून भांडायला काही सापडतं का म्हणून वाचल्ती. नऊ तारखेच्या पत्रात सापडलं. तुम्हीच लिहिलंय. पायरीवर बसून आबा तुम्हाला म्हणाले, "सुमे, बरं दिसत न्हाई गं."

ताई, ते आंगणाबद्दल बोलत नव्हते.

मला त्यांनी हे कधी तोंडानं सांगितलं न्हाई. मला चहाच्या ग्लासातल्या बोटावरून कळल्तं, मीच त्यांना धरून दवाखान्यात नेलं. तुमच्या भावाला मी सांगितलं. आबांनी आपल्या तोंडानं उभ्या जन्मात एकाच माणसाला सांगितलं, ते तुम्ही. मला शपथ घातली आणि स्वतःच मोडली, तीही तुमच्यापुढं. दोन वर्षं नळाची वाट सांभाळली मी, आणि सांगितलं लेकीला. त्याचं मला किती लागलं ते लिहीत न्हाई. पण तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी हमाल बोलावला.

सत्यशीला


पुणे
१० मार्च २०२५

सत्यशीला,

तुझं पत्र शनिवारी आलं. दोन दिवस उत्तर लिहायला बसतेय आणि उठतेय.

तू म्हणशील, आता बाई रडत येईल आणि पाया पडेल. पडणार नाही. दोन वर्षं, सत्यशीला! दर रविवारी मी फोनवर विचारायचे, आबा, आज पेपरात काय आलंय, आणि ते मला बातम्या सांगायचे. रेडिओवर ऐकलेल्या. आणि तू तिथेच भाकरी थापत ऐकत असायचीस. मी दिवाळीच्या सुट्टीत त्यांना चौकड्याचा शर्ट आणला, रंग कसा आहे विचारलं, ते 'झकास' म्हणाले, आणि तू तोंड फिरवलंस. मला वाटलं तुला शर्टाचा राग आला. शब्द दिला म्हणे. माझ्या बापाचे डोळे गेले आणि ते मला माहीत नसावं, हे ठरवणारी तू कोण? आबांनी घातली असेल शपथ. आबा हट्टी आहेत, तू तर शहाणी होतीस. मला एक ओळ लिहिली असतीस, 'त्यांना दिसत नाही,' तर ते झाड मी मांडीवर घेऊन आणलं असतं. तू 'कारण विचारू नका' लिहिलंस. आबा पडले त्यात तुझाही वाटा आहे, तो मी एकटी घेणार नाही.

माझा वाटा मी घेतलाय. 'बरं दिसत न्हाई.' तू लिहीपर्यंत मला ते वाक्य एकाच तऱ्हेनं ऐकू येत होतं. आता दुसऱ्या तऱ्हेनंच येतं, पहिलं परत ऐकू येत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले होते गं. हातभर अंतरावर.

एक मात्र मला कळत नाही, आणि आबांना विचारायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून तुला सांगतेय, तू विचार. पुढचे दोन दिवस मी आणि तातेराव कुंड्या ओढत होतो. फरशीवर केवढा आवाज. आबा पायरीवर बसून ऐकत होते. एकदाही म्हणाले नाहीत, सुमे, थांब. का नाही म्हणाले? उलट मी विचारलं, आबा, करू ना, तर 'कर कर' म्हणाले.

१६ ला गाडी तीच. झाड आणते. खालची पानं मी छाटली ती छाटली, ती काही परत चिकटत नाहीत. त्याला काय करायचं ते तू बघ, रस्ता तुला माहीत आहे. जाताना गाडीत आबा असतील की नाही ते आबा सांगतील. तू नाही आणि मी पण नाही.

सुमेधा


जालना
२० मार्च २०२५

ताई,

जय भीम.

तुम्ही आल्त्या त्या दिवशी आपण दोघी मोजून तीन वाक्यं बोललो. कुंडी कुठं ठेवू, थोडं अलीकडं, आणि जेवून घ्या. त्यामुळं बाकीचं लिहून राह्यले. आणि तुम्ही विचारायला सांगितलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं आहे. विचारलं नसतं तर लिहिलं नसतं.

आधी झाडाचं. तुमच्या त्या अननसाखालून छत्री नुसती निघून जाते, काही लागतच न्हाई. म्हणून बुंध्याला टेकून तेलाचा रिकामा डबा उपडा घालून ठेवलाय. पहिल्या दिवशी आबा वैतागले, म्हणाले, वडीगोद्रीला हे काय नवीन बांधलं. मी म्हटलं, सुमेधाताईंनी बायपास काढला. हसले. आता डब्याच्या आवाजावर वळतात. वरच्या पानांना नळ्याही परत चढवल्यात. कुंडी जाग्यावर ठेवताना बुडाशी चार पिल्लं होती, आता तीन आहेत. चौथं तुमच्या भावानं तुमच्या पिशवीत घातल्तं, मला न सांगता. मला दिसलं होतं. राहू द्या.

दुसरं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर तुम्ही आबांची छत्री घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून निघाल्या. तुम्हाला वाटलं कोणी बघत न्हाई. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. अंबड बराबर लागलं तुम्हाला. पुढं तुम्ही वाकड्या झाल्या आणि दगडाकडं जाऊन राह्यल्या. मला हाक मारता आली असती. मारली न्हाई. नडगीला लागलं ते मी बघितलं, तुम्ही खाली बसल्या तेही बघितलं. मुद्दाम मारली न्हाई, आणि त्याचं मला वाईट वाटून राह्यलं न्हाई. तुमच्या पत्रात लिहिलं तसं, मी सांगितलं न्हाई तो माझा वाटा. तो मी घेते. रोज सकाळी त्यांच्या भुवईला मलम लावताना घेते. पण तुमची नडगी तुमचीच.

तुम्ही गाडीचं दार उघडून उभ्या होत्या आणि आबा म्हणाले, "सुमे, पुण्यात वडीगोद्री कुठं लागती ते मला ठावं न्हाई." तुम्ही नुसतं दार लावलं. त्या वेळी, एकदाच, तुम्ही मला बऱ्या वाटल्या. परत तसं होईल असं समजू नका.

आता तुमचं उत्तर. गाडी गेल्यावर दोन दिवसांनी मी आबांना विचारलं. सरळच विचारलं, ताईंनी झाडं हलवली तेव्हा थांब का म्हणाला न्हाईत. त्यांना आधी कळेना मी काय विचारते ते. मंग म्हणाले, "अगं, मीच तिला सांगितल्तं ना, बरं दिसत न्हाई म्हणून. सुमीला कळलं असं वाटलं मला. मला वाटलं, पोरगी माझ्यासाठी नवा रस्ता करून राह्यली. सोपा. म्हटलं करू दे. तिनं लावलेला रस्ता मी पाठ करून घेईन." त्या दोन दिवसांत तुम्ही तातेरावला चहा द्यायला आत जायच्या, तेवढ्यात ते उठून चाचपडत तुमच्या वाट्या मोजायचे, ताई. अकरापर्यंत पाठ झाल्त्या. तुम्ही विचारलं न्हाई, म्हणून त्यांनी सांगितलं न्हाई.

हे ऐकून मी आत गेले आणि पाण्याचा नळ सोडून उभी राहिले. तुमचा राग आल्ता की त्यांचा, मला माहीत न्हाई.

बाहेर आले तर आबा एकटेच निघाल्ते, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यात छत्री. जालना, अंबड. डबा वाजला. तिथं ते थांबले, छत्री काखेत घेतली आणि तुमच्या केकताडाच्या एका पानावरून हात फिरवला, बुडापासून रबरी नळीपर्यंत. मंग तोंड वर करून म्हणाले, "सुमीला लिही, आता बरं दिसतं."

त्यांनी सांगितलं तसं शब्दन् शब्द लिहिलंय. या खेपेला बराबर ऐका.

सत्यशीला